मागच्या बाकावरचा प्रश्न

निवडणुका जवळ आल्या की धारूरच्या बसस्थानकासमोर चहा पिताना एक प्रश्न हमखास निघतो, ‘आपला माणूस तिकडं बोलतो का?’ तिकडं म्हणजे दिल्लीला किंवा मुंबईला. मग कुणीतरी मोबाइलवर दोन मिनिटांच्या भाषणाची चित्रफीत लावतो, दोघे माना डोलावतात आणि विषय संपतो. मी राज्यशास्त्र शिकवण्यात आणि संसदेची, विधिमंडळाची कार्यवृत्ते वाचण्यात आयुष्य घालवले. त्या वाचनातून माझे मत पक्के झाले आहे: मागच्या बाकावरच्या सदस्याची पारख भाषणावरून करू नये. त्याने काय विचारले, सरकारकडून काय वदवून घेतले आणि नंतर त्याचा पिच्छा किती पुरवला, हे पाहावे.

भाषणाचे गणितच त्याच्या विरोधात असते. चर्चेला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि तो वेळ संख्याबळाप्रमाणे पक्षांत वाटला जातो. मोठ्या पक्षाच्या वाट्याला तास येतात, पण त्यांतला बराचसा वेळ पहिल्या रांगेतले नेतेच घेतात. लहान पक्षाला मोजकी मिनिटे मिळतात. मागच्या बाकावरचा सदस्य उभा राहतो तेव्हा बहुधा संध्याकाळ झालेली असते, पत्रकार कक्ष रिकामा असतो आणि विषयाला हात घालेपर्यंत घंटा वाजते. कार्यवृत्तात असे कितीतरी परिच्छेद आहेत, ज्यांचा शेवट ‘अध्यक्ष महोदय, फक्त एक मिनिट’ एवढ्यावरच होतो.

आमच्या बीड जिल्ह्याने असे सदस्य बरेच पाठवले. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत बीड हैदराबाद राज्यात होते. जुन्या इंग्रजी नोंदींत ते ‘भीर’ म्हणून सापडते. हैदराबादेत कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्यामुळे डावी मंडळी पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटच्या नावाने लढली आणि त्या फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे बीडमधून लोकसभेत गेले. 1967 मध्ये तर इथल्या मतदारांनी थेट क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा हा नेता. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले होते. दहा वर्षांनी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या उमेदवारीवर त्यांना बीडने दिल्लीला पाठवले. त्या लोकसभेत त्यांच्या पक्षाचे 23 खासदार होते. इंग्रजांच्या राज्यात स्वतःचे सरकार चालवलेला माणूस तिथे एका मध्यम आकाराच्या विरोधी गटातला सदस्य होता.

नाना पाटील लोकसभेत मराठीत बोलले, हे महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. ते किती अवघड होते, याचा विचार मात्र कमी होतो. राज्यघटनेच्या 120 व्या अनुच्छेदानुसार संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. त्या भाषांत ज्याला नीट मांडता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. लोकसभेत कानाला यंत्र लावून भाषांतर ऐकण्याची सोय 1964 मध्ये सुरू झाली, तीही हिंदी आणि इंग्रजीपुरती. अशा सभागृहात मराठीत बोलणारा सदस्य समोरच्या मंत्र्याला कितपत कळत असेल? तरीही ते उभे राहत होते. 1930 च्या चळवळीत तलाठ्याची नोकरी सोडलेला हा माणूस होता. शेतसारा, सातबारा, पीकपाणी त्याला कागदोपत्रीही ठाऊक होते आणि बांधावरही. असा जाणकार सभागृहात असतो तेव्हा त्याचे म्हणणे नीट नोंदले जावे, ही सभागृहाची जबाबदारी असते. इतर भाषांतली भाषणे कार्यवृत्तात बहुधा इंग्रजी अनुवादातच मिळतात, ‘मूळ भाषण मराठीत’ अशी तळटीप जोडलेली. मूळ शब्द हरवतात, याचे मला फार वाईट वाटते.

1977 मध्ये बीडने गंगाधरअप्पा बुरांडे यांना निवडून दिले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे त्या वेळी महाराष्ट्रातून तीनच खासदार होते: मुंबईच्या अहिल्या रांगणेकर, डहाणूचे लहानू कोम आणि आमचे अप्पा. ती लोकसभा 1979 मध्येच विसर्जित झाली. पुढे 1989 मध्ये बीडमधून निवडून आलेल्या बबनराव ढाकणे यांची गोष्ट वेगळी. 1968 मध्ये पाथर्डीच्या प्रश्नांसाठी त्यांनी विधानसभेच्या प्रेक्षक सज्जातून पत्रके फेकली आणि त्याबद्दल शिक्षा भोगली. सज्जातून ओरडावे लागलेला हाच माणूस पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेता झाला.

आता प्रश्नाकडे वळतो, कारण खरे काम तिथे होते. विधानसभेच्या छापील यादीतला एखादा तारांकित, म्हणजे तोंडी उत्तरासाठीचा, प्रश्न पाहा. त्याचा साचा ठरलेला असतो. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग आकडे टाकलेली कलमे: ‘(1) अमुक घडले, हे खरे आहे काय, (2) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (3) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ समोर उत्तर: ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. वाचायला रूक्ष आहे, कबूल. पण मंत्र्याने ‘हे खरे आहे’ एवढे तीन शब्द लिहून दिले की ते सरकारचे म्हणणे ठरते. मोर्चात शंभर वेळा ओरडून जे मिळत नाही, ते या तीन शब्दांत मिळते. अनुभवी सदस्याचे कसब चौथ्या कलमात दिसते. विलंबाची कारणे विचारली नाहीत तर उत्तर देणाऱ्या खात्याला सुटायला वाट मोकळी राहते.

लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि फक्त लेखी उत्तराचे 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात. सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीने ठरते. सोडतीला पुढचा बाक, मागचा बाक कळत नाही. तारांकितांपैकी तोंडी उत्तराला मोजकेच पोहोचतात. बाकीची उत्तरे लेखी येऊन पटलावर ठेवली जातात. मला स्वतःला अतारांकित प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. त्यात टाळी नसते, आकडे असतात.

हे आकडे काय करू शकतात, ते आमच्या जिल्ह्याने 2019 मध्ये पाहिले. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली जात असल्याच्या बातम्या त्या वर्षी वर्तमानपत्रांत आल्या. बातमीला ‘अतिशयोक्ती’ म्हणून टोलवता येते. जूनमध्ये नीलम गोऱ्हे यांनी हा विषय विधान परिषदेत मांडला, तेव्हा सरकारला आकडा द्यावा लागला: तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या 4,605 शस्त्रक्रिया. सभागृहातच चौकशी समितीची घोषणा झाली. पुढे 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. धारूर तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर हे सगळ्यांना माहीत होते. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळीच्या दिवसांत फडात उभे राहणे होत नाही आणि डॉक्टर ‘पिशवी काढून टाका’ म्हणतो, हे बायका एकमेकींना सांगत होत्या. सभागृहात प्रश्न आल्यावर ती कुजबुज सरकारी नोंद झाली. आज कुणालाही ती नाकारता येत नाही.

उत्तरानंतरची पायरी बहुतेकांना ठाऊकच नसते. लोकसभेत 1953 पासून सरकारी आश्वासनांची समिती आहे. मंत्री सभागृहात ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी चौकशी करीन’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल’ असे बोलले की ते आश्वासन मानले जाते. अशा शब्दप्रयोगांची यादीच ठरलेली आहे. आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे, नाहीतर मुदतवाढ मागावी, असा दंडक आहे. आमच्याकडे मुकादमाच्या वहीत उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, लिहिली की ती फिटेपर्यंत कोयत्याचे, म्हणजे ऊसतोड जोडप्याचे, नाव खोडले जात नाही. आश्वासनाचेही तसेच आहे. मात्र इथे देणेकरी सरकार असते आणि वही जनतेची असते. ती वही उघडून बसणारा सदस्य मला दहा भाषणे ठोकणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

अशासकीय विधेयकांचा मार्ग त्याहून खडतर. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाल्याला 1970 नंतर उदाहरण नाही. स्वातंत्र्यापासून असे 14 कायदे झाले. पण हरलेले विधेयकही वाया जात नाही. राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै यांनी 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालाने मर्यादित केलेला संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही आणि जानेवारी 1971 मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी 24 वी घटनादुरुस्ती झाली, तिने तोच अधिकार घटनेत लिहिला. सत्ताधारी बाकांवरचे उदाहरण फिरोज गांधींचे. स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला त्यांनी मुंदडा प्रकरणात आयुर्विमा महामंडळाच्या पैशांवरून धारेवर धरले आणि 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

आजचा सदस्य फिरोज गांधींसारखा वागू शकेल का? 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने मतदानात त्याचे हात बांधले. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाते. पण प्रश्न विचारायला पक्षादेश लागत नाही. सत्ताधारी असो की विरोधी, ही एक जागा अजून त्याची स्वतःची आहे. 2005 मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्यावरून 11 खासदार बडतर्फ झाले. ती जागा विकली जाऊ शकते, हे तेव्हा दिसले. म्हणूनच ‘अमक्याने पाच वर्षांत इतके प्रश्न विचारले’ अशा गुणपत्रिकांवर माझा विश्वास नाही. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे ती तुलनाच चुकते. शिवाय सहायकाने लिहिलेले पन्नास गुळमुळीत प्रश्न आणि सदस्याने गावोगाव फिरून काढलेला एक प्रश्न यांचे वजन सारखे नसते.

आमच्या धारूर घाटाचेच घ्या. अरुंद रस्ता, अवघड वळणे, त्यातून उसाची आणि मालाची अवजड वाहने. विधानसभेला धारूर माजलगाव मतदारसंघात येते, म्हणून लोक आमदाराला धरतात. पण केज-धारूर-माजलगाव हा राष्ट्रीय महामार्ग आहे, 548 सी. त्यावर विधानसभेत विचारले तर ‘बाब केंद्र शासनाशी संबंधित आहे’ असे उत्तर मिळू शकते. हा प्रश्न बीडच्या खासदाराने लोकसभेत रस्ते वाहतूक मंत्र्यांना विचारायचा आहे. ‘घाटाचा प्रश्न कधी सुटणार’ असा विचारून उपयोग नाही. त्याला ‘लवकरच’ एवढेच उत्तर येईल. तीन वर्षांत घाटात किती अपघात झाले व किती माणसे दगावली; रुंदीकरणाचा प्रकल्प अहवाल तयार आहे काय, कोणत्या तारखेचा; कोणती परवानगी कोणत्या कार्यालयात थांबली आहे; आणि नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. असा विचारला तर मंत्रालयाला तारीख आणि आकडा द्यावाच लागेल.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तालुक्यातली हजारो कुटुंबे कोयते घेऊन फडांवर निघालेली असतील आणि संसदेचे, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तोंडावर आलेले असेल. गावात मागे राहिलेल्या शिक्षकांनी, वकिलांनी, शिकलेल्या पोरांनी त्यांच्या वतीने एक काम करावे. आपल्या गावाचा एक प्रश्न वरच्या साच्यात, दीडशे शब्दांच्या आत, कागदावर लिहावा आणि खासदाराच्या किंवा आमदाराच्या हातात द्यावा. पोच घ्यावी. लोकसभेत सूचनेची मुदत किमान 15 दिवस आहे, म्हणून हे दिवाळीच्या सुट्टीतच व्हायला हवे.