सोमरसाचा नाला

'वायुपुत्रांची शपथ' या कादंबरीवर माझा राग आहे, आणि दहा वर्षं उलटून गेली तरी तो उतरलेला नाही. वाईट पुस्तकावर माणूस इतका काळ रागावत नाही, ते विसरून जातो. हे पुस्तक मात्र आमच्या दारापर्यंत आलं आणि आत न येता लढाईवर निघून गेलं.

अमीश त्रिपाठींच्या शिवत्रयीचा पहिला भाग २०१० साली इंग्रजीत आला, पुढे तो मराठीत 'मेलुहाचे मृत्युंजय' झाला. मी तेव्हा कॉलेजात होतो. लेखक मुंबईचा, व्यवस्थापन शिकलेला, वित्तक्षेत्रात नोकरी करणारा. प्रकाशकांनी नकार दिल्यावर पुस्तक त्याच्या एजंटानेच छापलं, आणि पहिलं प्रकरण पुस्तकांच्या दुकानांतून फुकट वाटलं गेलं. ठाणे-वाशी लोकलने कॉलेजला जाणाऱ्या आम्हा पोरांना हा माणूस आपल्याच डब्यातला वाटायचा. आणि त्याचा शिव! मानसरोवराकाठच्या एका टोळीचा प्रमुख, चिलीम ओढणारा, नाचणारा, सतीला बघून गडबडणारा. सम्राट दक्षाच्या मेलुहात तो येतो, सोमरस पितो आणि त्याचा गळा निळा पडतो. तिथली माणसं शंभरी ओलांडूनही तरुण दिसतात, ती या सोमरसामुळे. मंदार पर्वतावरचा मुख्य शास्त्रज्ञ बृहस्पती शिवाला समजावतो, की प्राणवायू लोखंडाला गंज चढवतो तसाच शरीरालाही झिजवतो, आणि सोमरस ती झीज रोखतो. मी रसायनशास्त्र शिकत होतो. अमृताची गोष्ट कुणी प्रयोगशाळेच्या भाषेत सांगू शकतं, याचा केवढा आनंद झाला होता मला! ते प्रकरण मी मित्रांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

आमचं घर रबाळ्यात, रुळांच्या पश्चिमेला, गावठाणात. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, त्याच्या पलीकडे टीटीसीचा औद्योगिक पट्टा आणि मागे पारसिकचा डोंगर. डोंगरावरून निघालेले नाले कंपन्यांमधून वाट काढत गावांच्या कडेने खाडीला मिळतात. बाबा त्या पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात होते. त्यांच्या पगारावर आमचं घर पक्कं झालं, माझी फी भरली गेली, बहिणीचं लग्न झालं. आजी खाडीची. जिताडा कुठल्या भरतीला आत येतो, निवट्या कुठे सापडतात, चिंबोरीचं बीळ कसं ओळखायचं, हे तिला पाठ होतं. पुढे मावऱ्याला कंपनीचा वास येतो म्हणून तिने खाडीचा एकेक मासा घरात आणणं बंद केलं. रात्री ती आणि बाबा शेजारी-शेजारी जेवायला बसत. तिने बाबांना नोकरी सोड असं कधी म्हटलं नाही, आणि बाबांनी तिच्या वासाच्या तक्रारीला कधी खोटं पाडलं नाही. दोघांनाही सगळं माहीत होतं. लहानपणी मला ती शांतता नेहमीचीच वाटायची.

दुसरा भाग, 'नागांचे रहस्य', २०११चा. त्याच्या शेवटच्या पानांवर मेलेला समजलेला बृहस्पती शिवासमोर जिवंत उभा राहतो. पुस्तक मिटल्यावर रात्रभर झोप लागली नाही. २०१३च्या फेब्रुवारीअखेरीस तिसरा भाग, म्हणजे 'वायुपुत्रांची शपथ', आला तेव्हा तो पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात होता. बृहस्पती काय सांगणार, एवढ्यासाठी मी दीड वर्ष थांबलो होतो.

बृहस्पती जे सांगतो त्याने मी हादरलो. सोमरस बनवायला सरस्वतीचं अमाप पाणी लागतं, म्हणून नदी आटत चालली आहे. त्यातून उरणारं विषारी सांडपाणी दूर तिबेटात त्सांगपोमध्ये सोडलं जातं. तीच त्सांगपो खाली ब्रह्मपुत्रा होऊन ब्रंगांच्या देशात उतरते, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या साथीत मुलं मरतात. नाग ज्या व्यंगांसह जन्मतात ती व्यंगंही सोमरसाचीच देणगी. म्हणजे दुष्ट कुणी राक्षस नाही. ज्या वस्तूने एका देशाला दीर्घायुष्य, शिस्त, श्रीमंती दिली, तीच खालच्या काठाला मारते आहे. भारतीय अद्भुत कादंबरीत इतकी खरी कल्पना मी तोवर वाचली नव्हती. मी गाडीत होतो. बाहेर तेच नाले, तीच धुराडी. वाटलं, आता हा माणूस आजीबद्दल आणि बाबांबद्दल लिहिणार.

पुढची शेकडो पानं सैन्यं इकडून तिकडे जातात. जहाजं, तुकड्या, हुलकावण्या, व्यूह. शिव मदत मागायला वायुपुत्रांच्या परिहापर्यंत जातो. शांततेच्या बोलणीसाठी मेलुहाच्या राजधानीत, देवगिरीत गेलेली सती कटात मारली जाते, आणि शोकाने पेटलेला शिव पाशुपतास्त्राने अख्खी देवगिरी नष्ट करतो. सतीची अखेरची झुंज सोडली तर यातलं काहीही माझ्या अंगावर आलं नाही. काली रागावते, गणेश समजूतदार राहतो, नंदी निष्ठावान राहतो, दक्ष मूर्खपणा करतो. ज्याला जो गुण दिला, तो शेवटपर्यंत तेवढाच. दुसऱ्या भागात काशीत राहणाऱ्या ब्रंगांना औषधासाठी मोर मारावे लागतात, तेव्हा ती साथ डोळ्यांसमोर उभी राहिली होती. तिसऱ्यात ब्रंगा केवळ सैन्य पुरवतात. आणि मेलुहाचा साधा नागरिक? सकाळी सोमरस घेणारी एखादी आई, जिला आज कळलं की हा पेला कुणाच्या मुलाच्या जिवावर भरला आहे, ती एका पानावरही नाही.

पुराणातल्या माणसांना आतून कसं उभं करायचं, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७चं. त्यात कर्णाची गोष्ट सहा जण सांगतात, आणि दुर्योधनाचीही बाजू त्याच्याच तोंडून ऐकावी लागते. इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये गांधारी, कुंती यांना देव्हाऱ्यातून खाली आणून समोर बसवलं. म्हणून माझी अपेक्षा अवास्तव होती, असं मला कुणी सांगू नये. अमीशकडेही असा एक माणूस होता, सेनापती पर्वतेश्वर. शिवाला नीलकंठ मानणारा, सोमरसाचं सत्य पटलेला, तरीही मायभूमीच्या बाजूनेच लढणार म्हणून शिवाचा निरोप घेणारा. तो आमच्या घरातला माणूस होता. ज्याने आपल्याला वाढवलं ते विष आहे हे कळल्यावर काय करायचं, हा प्रश्न त्याच्या छातीत होता. लेखक त्या प्रसंगाजवळ थोडा थांबतो आणि पुढच्या लढाईकडे वळतो. बाबांच्या वाट्याचं प्रकरण तिथे होतं, ते लिहिलंच गेलं नाही.

मी आता सांडपाण्याच्या तपासणीचं काम करतो. नमुने घ्यायचे, पीएच बघायचा, सीओडी काढायचा, आकडा चढला तर कळवायचं. प्रत्येक कारखान्याने आपलं पाणी आधी स्वतः शुद्ध करायचं आणि मग पावण्याच्या सामाईक केंद्राकडे पाठवायचं, अशी टीटीसीची व्यवस्था आहे, आणि ती रोज राखावी लागते. त्याच ठाण्याच्या खाडीचा एक भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये रामसर यादीत गेला. पक्षी येतात, पट्ट्यात पाळ्याही चालू असतात. इथे पाशुपतास्त्र कुणाकडे नाही. असतं तर मी ते वापरू दिलं नसतं, कारण त्याखाली आमच्या अर्ध्या गावाच्या भाकऱ्या आहेत.

माझ्या भाचीने गेल्या सुट्टीत पहिला भाग वाचला आणि दुसरा मागून नेला. तिला मी थांबवणार नाही. तिसराही देईन. त्यातलं बृहस्पतीचं प्रकरण तिने वाचायलाच हवं, नाल्याच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं.

देवगिरीवर अस्त्र सोडण्याआधी शहरातल्या लोकांना निघून जाण्याची मुभा मिळते. काही जातात. पुष्कळ जण स्वतःहून मागे राहतात, पर्वतेश्वरही राहतो. हे लेखकाने लिहिलं आहे, पण वरवर. मला त्या रात्रीचं एक घर हवं होतं. सोमरसावर वाढलेला मुलगा, त्याची म्हातारी आई, चुलीवरचं जेवण, आणि जायचं की राहायचं यावर दोघांचं बोलणं.