मूठ, दांडा आणि जू

बालाघाटाच्या मुरमाड रानात तिफण चालते तेव्हा रुमण्यावरचा हात नुसता दाब देत नसतो. फण दगडाला घासला, ओल कुठे संपली, बैल कोणत्या अंगाला ओढताहेत, हे सगळे त्या लाकडातून तळहातात चढत असते. गोदाकाठी, गेवराई-माजलगावच्या काळ्या जमिनीत, तोच हात वेगळे काही ऐकतो. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचेही तेच: बी किती सुटते आहे हे तिचे डोळे सांगत नाहीत, बोटे सांगतात. आता पेरणी बरीचशी ट्रॅक्टरवर गेली आणि स्टिअरिंगला यातले फारसे काही कळत नाही, ही गोष्ट वेगळी. ही राने ज्या बीड जिल्ह्यातली, तिथे प्रवासी विमानतळ नाही. २०१५ आणि २०१९ साली मराठवाड्यावर कृत्रिम पाऊस पाडायला निघालेली विमानेही औरंगाबादहून उडाली. तरीही स्वतः बांधलेल्या हलक्या विमानात विमान हाकायला कोणत्या तऱ्हेची स्टिक बसवावी, या प्रश्नाचे उत्तर शोधायला रुमण्यापासून फार लांब जावे लागत नाही. जे हत्यार हुकूम पोचवते आणि जबाबही परत आणते ते चांगले. या कसोटीवर गुडघ्यांच्या मधला साधा उभा दांडा जिंकतो, असे माझे म्हणणे आहे.

स्वतः विमान बांधणे ही आपल्याकडे निव्वळ कल्पना राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, ते फेब्रुवारी २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. अशा माणसाच्या पाठीशी कारखाना नसतो. प्रत्येक बिजागरी, प्रत्येक बोल्ट त्याने स्वतः बसवलेला असतो आणि त्याची जबाबदारीही त्याचीच. म्हणून त्याच्यासाठी जोड किती कमी, हा प्रश्न शोभेचा किंवा सोयीचा नाही. उभ्या दांड्याला मुळात एक नळी आणि दोन दिशांना हलू देणाऱ्या दोन बिजागऱ्या पुरतात. पुढे लोटला की नाक खाली, मागे ओढला की वर. डावीकडे झुकवला की विमान डावीकडे कलते. राइट बंधू १९०३ साली पालथे पडून, कमरेखालचा पाळणा सरकवून पंख पिळत होते आणि नाकासाठी हातात वेगळी दांडी धरत होते. हे सारे एका दांड्यात आणण्याचे काम पुढे फ्रान्समध्ये एस्नो-पेल्तरी आणि ब्लेरिओ या विमानकर्त्यांच्या हातून रुळले. इतक्या वर्षांत त्यात फारशी सुधारणा करावी लागलेली नाही, हे त्याच्या बाजूचे प्रमाणपत्रच म्हणायचे.

पहिला आक्षेप चाकवाल्यांचा. आपल्याकडचे कितीतरी वैमानिक सेसना १५२ आणि १७२ वर शिकतात, त्यांत दांड्याच्या जागी हाताने फिरवायचे चाक असते. मग सवयीचे सोडून दांडा कशाला? (या चाकाला इंग्रजीत ‘योक’ म्हणतात. योक म्हणजे जू, बैलांच्या मानेवरचे. औतवाल्यांचे शब्द विमानात जाऊन बसले ते असे.) सवयीचा मुद्दा खरा आहे. चाकाच्या विमानात डावा हात उडवतो आणि उजवा थ्रॉटलवर असतो; दांड्याच्या एकआसनी विमानात बहुधा याच्या उलट. म्हणून पहिल्या उड्डाणाआधी दांड्याच्या एखाद्या विमानात शिक्षकाबरोबर काही तास काढणे भाग आहे, आणि तो खर्च टाळणाऱ्याने विमानच बांधू नये. पण चाकाचा खरा फायदा जड विमानांत, जिथे दोन्ही हातांचा जोर लावावा लागतो. अमेरिकी नियमांच्या छोट्या विमानांसाठीच्या जुन्या तेविसाव्या भागातले आकडे पाहा. थोड्या वेळापुरता लावायचा कमाल जोर, नाक वर-खाली करायला, दांड्यासाठी ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो. दोन हातांनी धरलेल्या चाकासाठी ७५ पौंड, ३४ किलो. इथे चाक पुढे दिसते. पण एकाच हाताने धरलेल्या चाकाला नियम ५० पौंडच देतो. कलण्याचेही तसेच: दांडा ३०, एकहाती चाक २५. हलक्या विमानात दुसरा हात थ्रॉटलवर गुंतलेला असतो, तेव्हा खरा सामना एका हाताचा एका हाताशी आहे, आणि त्यात दांडा सरस ठरतो. शिवाय चाकाचा दांडा पॅनलमधून आरपार सरकायला हवा आणि फिरायलाही हवा. त्यामागे साखळ्या, कप्प्या, जोड. प्रत्येक जोडात थोडी ढिलाई आणि थोडे घर्षण. वाऱ्याचा निरोप नेमका या घर्षणात विरतो. पंख थरथरू लागले, वेग घटला, विमान उचल सोडायच्या बेतात आले, हे मुठीला दांडा मऊ पडल्यावर कळते. ते कळायच्या आत साखळीने गिळले तर काय उपयोग?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो फॅशनचा नसून अनुभवाचा आहे. विमानांचे आराखडे करणाऱ्या बर्ट रुटनच्या १९७५ च्या व्हेरीझी विमानात उजव्या हाताशी बाजूला छोटी स्टिक होती, आणि ते घरी बांधायच्या विमानांतले एक गाजलेले नाव आहे. मांडी मोकळी, नकाशा ठेवायला जागा, हात टेकलेला. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र रुटनने ती अरुंद, मागे रेललेल्या बैठकीसाठी निवडली होती, आणि तिचा जोड थेट यांत्रिक होता. ज्याची बैठक तशी नाही त्याने ती उसनी घेऊ नये. लहान दांड्याचा हातचा प्रवास कमी. तेवढेच काम कमी अंतरात करायचे म्हणजे जोर वाढतो किंवा पृष्ठभाग कमी हलतो. यातून सुटका नाही. एफ-१६ मध्ये तर बाजूची स्टिक सुरुवातीला हलतच नव्हती, फक्त दाब मोजत होती. वैमानिकांना ते जमेना, तेव्हा तिला किंचित हालचाल द्यावी लागली. हाताला काहीतरी सरकल्याचे कळले पाहिजे, एवढी साधी मागणी. आणि विजेच्या तारांवर चाललेल्या, एकमेकींशी न जोडलेल्या स्टिक किती मुक्या असतात हे १ जून २००९ ला अटलांटिकवर दिसले. एअर फ्रान्सचे ए-३३० कोसळले, २२८ जण गेले. एक सहवैमानिक स्टिक मागे ओढून धरत होता, आणि शेजाऱ्याच्या स्टिकला त्याची चाहूलही लागत नव्हती. अपघाताला कारणे अनेक होती, वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ जमण्यापासून प्रशिक्षणापर्यंत. सारा दोष स्टिकवर टाकणे अन्यायाचे होईल. पण दोन जण उडवणार असतील तर एकाच्या हाताचे दुसऱ्याच्या हाताला कळलेच पाहिजे, ही शिकवण दोन माणसांच्या औतावर कोणालाही सांगावी लागत नाही. म्हणून शेजारी-शेजारी दोन आसनांच्या विमानात दोन्ही दांडे एकाच आडव्या नळीवर बसवावेत, नाहीतर झेनिथ ७०१ या हलक्या विमानासारखा मध्यभागी एकच, वरून दोन फाटे फुटलेला दांडा घ्यावा. जागा बदलली की हात बदलतो, ही त्याची किंमत.

उभ्या दांड्याचे दोष लपवायचे कारण नाही. आत शिरताना पाय अडखळतो. पोट सुटलेल्या माणसाला दांडा पूर्ण मागे घेता येत नाही आणि जाड मांडीवाल्याला पूर्ण बाजूला. उतरताना हीच चार बोटे कमी पडतात. त्यामुळे माप कागदावर घेऊ नये. पट्टा बांधून, हिवाळी जाकीट घालून बसावे, दांडा चारही कोपऱ्यांत न्यावा, आणि अडला तर वाकवावा किंवा कापावा. कापल्यावर हात जड होतो हे लक्षात ठेवून. वायरी वापरणार असाल तर त्या कासऱ्यासारख्या असतात, ओढता येतात, ढकलता येत नाहीत. म्हणून त्या नेहमी जोडीने लागतात, आणि ताण कमी-जास्त झाला की निरोपही अडखळतो.

जोडणी उलटी झाली तर वर गेल्यावर सावरायला वेळ मिळत नाही. धावपट्टीवर जाण्याआधी दांडा मुठीत धरा, अंगठा वर उभा ठेवा आणि डावीकडे न्या. अंगठा ज्या बाजूला झुकला, त्या बाजूच्या पंखाची मागची पट्टी वर गेलेली दिसली पाहिजे.