व्यक्तिचित्राचा पाठ




एक गोल, दोन ठिपके आणि एक वाकडी रेघ एवढ्यावर माणसाचा चेहरा होतो. पण अमक्याचा चेहरा होत नाही. अमका माणूस ओळखू यावा, त्याच्याविषयी काहीतरी कळावे, यासाठी व्यक्तिचित्र असते. म्हणून शाळेत ते शिकवताना हाताआधी नजर तयार करावी लागते.

वयाचा विचार प्रथम येतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ (1947) या ग्रंथात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. सात ते नऊ वर्षांचे मूल माणसाचा एक ठरीव आकार पक्का करते आणि तोच पुन्हा पुन्हा काढते. त्यापुढे चित्र खऱ्यासारखे दिसावे अशी ओढ त्याला लागते. त्यामुळे लहान वर्गांत आजी, भाऊ, मित्र यांची चित्रे आठवणीने आणि मोकळेपणाने काढू द्यावीत. मोजमाप पाचवीपासून पुढे.

दुसरी पायरी चित्रे पाहण्याची. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेशातले आणि एक स्त्रीवेशातले. दोन्हींत माणूस एकच आहे हे कशावरून कळते, हे मुलांनी शोधावे. सावळाराम हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या जलरंगचित्रात स्त्रीच्या हातातला दिवा तिच्या चेहऱ्यावर उजेड टाकतो. उजेड खालून आला की चेहरा कसा बदलतो, ते तिथे दिसते. रेम्ब्रांने तरुणपणापासून 1669 मध्ये मृत्यू येईपर्यंत स्वतःची चित्रे काढली. ती क्रमाने लावली की वय चेहऱ्यावर कसे उतरते ते समजते. प्रत्येक चित्रापुढे प्रश्न तेच असावेत : नजर कुठे आहे? हात काय करतात? मागे काय आहे, आणि चित्रकाराने काय गाळले असेल?

मग प्रमाण. जवळजवळ प्रत्येक मूल डोळे कपाळावर चढवते, कारण केसांखालच्या डोक्याकडे लक्षच जात नाही. प्रत्यक्षात मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. लहान मुलांचे त्याहून थोडे खाली. समोरून पाहिल्यास डोक्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांइतकी भरते आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढे अंतर राहते. कानाचा वरचा काठ भुवईच्या आणि खालचा नाकाच्या टोकाच्या पातळीवर येतो. मात्र ही मापे फळ्यावर लिहून पाठ करून घेऊ नयेत. हात सरळ धरून पेन्सिलीने जोडीदाराचे डोके मोजावे आणि नियमापासून तो कुठे वेगळा आहे ते टिपावे. साम्य सापडते ते त्या वेगळेपणातच.

प्रत्यक्ष काम जोडीने करावे. बसणाऱ्याला खिडकीचा उजेड एका बाजूने मिळावा, म्हणजे छाया स्पष्ट दिसते. आधी कागदाकडे न पाहता एक सलग रेघ, मग डोके, मान व खांदे यांचा हलका आराखडा, मग छायेचे मोठे भाग, आणि डोळे-ओठ शेवटी. केस एकेक रेघेने न काढता पुंजक्यांनी पाहावेत. आरशात पाहून आत्मचित्र हा पुढचा पाठ.

रंगात खास जपावे. खडूच्या पेटीतला फिकट गुलाबी ‘स्किन कलर’ साऱ्या वर्गाच्या चेहऱ्यांवर चढतो आणि सावळे मूल स्वतःलाच खोटे रंगवते. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, पांढरा आणि किंचित निळा मिसळून प्रत्येकाने आपल्या मनगटाशेजारी धरून आपला रंग तयार करावा. हा तास चुकवू नये.

वर्गात एक नियम आधीच सांगावा : कोणाच्या नाकाला, दातांना, वर्णाला हसायचे नाही, आणि ज्याला बसायचे नाही त्याला बसवायचे नाही. 

गुण देताना हुबेहूबपणा हा एकच निकष नसावा. मुलाने काय पाहिले, पहिल्या आराखड्यापासून काय सुधारले आणि त्या माणसाविषयी काय सांगायचे ठरवले, हे त्याच्याकडून दोन वाक्यांत लिहून घ्यावे आणि चित्राशी ताडून पाहावे.

कळावे,