ओढ्याची लांबी

सोलापूर जिल्ह्यातल्या मैंदर्गीच्या शिवारात पुष्कळशा ओढ्यांना स्वतःचं नाव नाही. ज्याच्या रानाजवळून जातो त्याचा तो ओढा. पुढचा बांध ओलांडला की मालकासोबत नावही बदलतं. कन्नड घरांत नुसतंच ‘हळ्ळ’. हा ओढा किती लांब, असं एका शेळ्यावाल्याला विचारलं. तो म्हणाला, “कंच्या महिन्यात?”

⁂

सर्वेक्षण खात्याच्या 1:50,000 च्या नकाशावर पाणी असलेलं पात्र निळं आणि कोरडं पात्र काळं छापतात. इकडचे बहुतेक ओढे काळ्या रेघेचेच. नकाशात उगमही ठरलेला असतो, रेघ सुरू होते तिथं. शिवारात तो असा एका जागी बसत नाही.

⁂

जेसीबीनं तासलेला काठ बघावा, सगळं उघडं पडलेलं असतं. वर हातभर-दोन हात काळी माती, भेगाळलेली. तिच्या बुडाला चुनखडीचे पांढरे खडे. त्याखाली पिवळसर मुरूम, बोटानं उकरला तरी सुटणारा. त्याखाली कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मुरूम आणि कातळ भेटतात तिथं एक ओली रेघ, तिच्यावर शेवाळ. मुरलेलं पाणी कातळावर अडतं आणि आडवं सरकत काठातून बाहेर येतं. पाऊस थांबल्यावर ओढा चालतो तो या रेघेच्या जिवावर.

⁂

जुलैत पाऊस झाला म्हणून ओढा वाहीलच असं नाही. आधी रानातल्या भेगा पितात. भेगा मिटल्या की मगच वरचं पाणी पळू लागतं. सोलापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरचा. म्हणजे उत्तरा-हस्ताला ओढा अंगात येतो, आणि त्याच सुमाराला ज्वारीच्या पेरणीची घाई. तिफण पलीकडच्या रानात न्यायची असते आणि उताराला पाणी असतं.

⁂

पाऊस ओसरला की उगम खाली चालू लागतो. दसऱ्याला माळाच्या कुशीत पाझर दिसतो, दिवाळीनंतर तो खालच्या बांधाशी, संक्रांतीला त्याहून खालच्या वळणावर. भूजलाची पातळी उतरते तसतसा वरचा काठ सुकत जातो. शिमग्याला डोहात तेवढं पाणी. वाळूत झिरा उकरला तर आधी गढूळ येतं, घटकाभरानं निवळ. मोजायचीच झाली तर ओढ्याची लांबी महिना सांगून मोजावी.

⁂

सातबाऱ्यावर ओढ्याखालची जमीन पोटखराब्यात जाते. 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 20 सांगतं की, दुसऱ्या कुणाची मालकी शाबीत नसेल तर नद्या, नाले आणि त्यांतलं पाणी सरकारचं. नांगर मात्र दरसाल एखादं तास पात्राकडं सरकतो. आधी लव्हाळा जातो, मग काठाची बाभळ, मग काठच. कोरड्या पात्राची बाजू घेणार कोण?

⁂

इकडचं पाणी बोरी नदीला. बोरी वरून नळदुर्ग करून येते. तिथं किल्ल्यातच तिला बांध घालून आदिलशाहीत पाणीमहाल उभारला. पुढं अक्कलकोट तालुक्यात कुरनूरचं धरण, मग भीमा. भीमा कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला.

ऑक्टोबर 2020 मध्ये त्याच उपसागरातला कमी दाबाचं क्षेत्र आंध्र, तेलंगण ओलांडत इथवर आलं. 14 तारखेच्या पावसानं कुरनूर भरून सांडलं, बोरीकाठच्या गावांत पाणी शिरलं. नदी अशी फुगली की ओढ्यांना तोंड उरत नाही. वरून येणारं पाणी तुंबतं, फुगवटा मागं चढत जातो. मग ओढ्यापासून लांबची म्हणून बिनघोर असलेली रानंही पाण्याखाली जातात.

⁂

डिसेंबर 2014 मध्ये सरकारची जलयुक्त शिवार योजना आली आणि गावोगावी नाले खोल-रुंद झाले. बंधाऱ्याची जागा बघायला माणसं बहुधा पावसाळ्यात येतात, तेव्हा सगळीकडंच पाणी असतं. यावं पौषात. पाझर कुठवर उतरलाय ते बघावं. त्याच्या वर अडवलेलं पाणी मुरतं आणि विहिरींना लागतं. त्याच्या खाली अडवलेलं बहुतांशी साठून राहतं, जनावरांना आणि इंजिनाला उपयोगी. गावाला यांतलं काय हवं ते आधी ठरवावं, मग खुणेचे दगड रोवावेत.