एकाच डोंगराची कॉफी

खोपोलीच्या शिळफाट्याला थांबणारा माणूस चहा मागतो. बोरघाट चढण्याआधी ट्रकवाले इथे खाली उतरतात, टायर ठोकून बघतात, पाय मोकळे करतात. एसटीतली मंडळी वडापाव बांधून घेतात. सगळ्यांच्या हातात चहा असतो, आल्याचा, गोड, वाफाळता. फाट्याची ही लगबग मला फार आवडते. पण हमरस्ता सोडून आमच्या वस्तीत शिरलात, तर रविवारी सकाळी निराळाच वास येईल. आधी ओल्या पेंढ्याचा, मग खरपूस, मग गोडसर, आणि शेवटी थेट कॉफीचा. मी लोखंडी कढईत कॉफीच्या कच्च्या बिया भाजत असतो.

इथे कॉफी पिकत नाही. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात भात पिकतो. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या वाणांना तर गावाचंच नाव आहे. कॉफी आणायची ती दुरून. तरी ती मला परकी वाटत नाही, याचं कारण माझ्या खिडकीसमोरच उभं आहे. समोर सह्याद्री आहे. त्याच्या अंगावरून टाटांच्या वीजकेंद्राचे भलेमोठे नळ खाली उतरतात. १९१५ पासून घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी त्यांतून खोपोलीत येतं, वीज देतं आणि पुढे पाताळगंगेला मिळतं. हाच डोंगर दक्षिणेकडे जात जात आंबोली मागे टाकतो, गोव्याच्या पाठीशी उभा राहतो आणि कर्नाटकात चिकमगळूर, हासन, कोडगू गाठतो. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते, ती याच डोंगराच्या अंगाखांद्यावर. जूनमध्ये आमच्या कौलांवर कोसळणारा पाऊस तिथल्या मळ्यांवरही कोसळतो. शिळफाटा आणि चिकमगळूरची बाबाबुदनगिरी ही मला एकाच डोंगराच्या सावलीतली ठिकाणं वाटतात.

सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी संताने हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चंद्रगिरीच्या, म्हणजे आजच्या बाबाबुदनगिरीच्या, उतारावर लावल्या, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. रुजणारं बी आपल्या मुलखाबाहेर जाऊ नये म्हणून अरब फार जपत. एका मुठीत मावेल एवढ्या बेण्यावर पुढे डोंगरच्या डोंगर हिरवे झाले.

ब्राझीलमध्ये कॉफीचे मळे बहुतेक उघड्या उन्हात असतात. आपल्याकडे कॉफी सावलीत वाढते. वर सिल्व्हर ओक, फणस, उंबराच्या कुळातली झाडं, पांगारा. त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल. आणि त्या सगळ्यांच्या पोटात कॉफी. यातला फणस आमच्या परसात आहे, पांगारा आमच्या कुंपणाला आहे. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक दमदार सर आली, की आठ-दहा दिवसांत मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. फुलं दोन-चार दिवसच टिकतात, पण वर्षाचं पीक त्या एका सरीवर ठरतं. पुढे फळ लाल व्हायला आठ-नऊ महिने लागतात. नोव्हेंबरच्या सुमारास अरेबिकाची तोडणी सुरू होते. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल अशी सगळी फळं असतात, आणि चांगली कॉफी हवी तर फक्त लाल तेवढीच वेचायची. दाट सावलीच्या त्या चढणीवर हे काम यंत्राला जमत नाही. ते बोटांनीच करावं लागतं. काम करणाऱ्या बाया एकाच झाडाकडे हंगामात तीन-तीन, चार-चार वेळा परत येतात.

इतक्या निगुतीने वेचलेली कॉफी कित्येक वर्षं आपल्यापर्यंत तिच्या नावाने पोचतच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात परदेशी बाजार तुटला. मळे तगावेत म्हणून १९४२ चा कॉफी कायदा झाला, आणि मळेवाल्यांचा माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जाऊ लागला. मळे वाचले, पण सगळ्यांचा माल एकत्र झाल्यावर कुणाचा चांगला आणि कुणाचा बेताचा, हे पिणाऱ्याला कळायला वाव राहिला नाही. १९९० च्या दशकात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने संपली आणि शेतकरी आपला माल आपल्या नावाने विकू लागला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत दिल्लीत ब्लू टोकाई, मुंबईत सबको, आपल्या नागपुरात कॉरिडॉर सेव्हन अशी भाजणावळीची घरं उभी राहिली. पाकिटावर मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि झाडाचं वाण दिसू लागलं. आज मला शिळफाट्याला घरबसल्या कच्च्या बिया मिळतात, आणि त्यांच्या पाकिटावर 'सिलेक्शन ७९५' असं लिहिलेलं असतं. हे वाण बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने १९४० च्या दशकात काढलं. तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देणारं आणि चवीलाही उतरणारं असं हे झाड मळेवाल्यांनी अजून सोडलेलं नाही.

आता कढईकडे येतो. कढई आईची, जाड बुडाची. एका वेळी दीडशे ग्रॅम बिया पुरेत. जास्त घातल्या तर खालच्या करपतात आणि वरच्या कच्च्या राहतात. आच मध्यम ठेवायची आणि लाकडी उलथनं क्षणभरही थांबवायचं नाही. कच्च्या बीत दहा-बारा टक्के ओल असते. पहिली काही मिनिटं ती निघण्यातच जातात. बी फिकट होते, मग पिवळी पडते. दीडशे अंशांच्या आसपास तिच्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळू लागतात. पोळीवर तांबूस डाग पडतात ते याच क्रियेने. बी तपकिरी होऊ लागते, अंगावरचं पातळ टरफल सुटतं आणि उलथन्याबरोबर कढईत उडू लागतं.

यापुढे डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त. आत कोंडलेली वाफ आणि वायू बीला सोसवेनासे होतात आणि कुठेतरी एक स्पष्ट 'टक्' ऐकू येतो. मग दुसरा, मग चार-पाच एकदम, आणि बघता बघता सगळी कढई तडतडू लागते. बीचं तापमान तेव्हा दोनशे अंशांच्या जवळपास असतं. बी फुगते, तिच्या पोटावरची चीर उघडते. या तडतडीनंतरचं एखाद-दीड मिनिट सगळ्यांत मोलाचं. इथे उतरवली तर फळाचा आंबटगोडपणा आणि मळ्याची मूळ चव राहते. आणखी थोडी ठेवली तर गोडवा दाट होतो. तशीच पुढे नेली, की सव्वादोनशे अंशांच्या आसपास दुसरी, बारीक तडतड सुरू होते, बियांवर तेल येतं आणि मळ्याची चव मागे पडून भाजल्याची चव वर येते. कुठे थांबायचं हे भाजणाऱ्याने ठरवायचं, आणि लगेच ठरवायचं, कारण गॅस बंद केला तरी बी स्वतःच्या उष्णतेने आत भाजतच राहते. म्हणून बिया चाळणीत ओतून पंख्याखाली हलवत राहतो, आणि गार झाल्या की सुपात घेऊन दारात पाखडतो. टरफलाचा कोंडा वाऱ्यावर जातो. दीडशे ग्रॅमचे साधारण एकशे अठ्ठावीस ग्रॅम उरतात, पण आकाराने बी दीडपट झालेली असते.

आमच्याकडे पावसाळ्यात हे सगळंच बदलतं. जुलैत घाटावरून ढग घरात येतात, मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही. कच्च्या बियांचा डबा जरा सैल राहिला तर त्याही ओल धरतात आणि कढईत जास्त वेळ मागतात. या ओलीचं काय करावं याचं उत्तर आपल्याच किनाऱ्याने शोधून ठेवलं आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने युरोपकडे जाई. लाकडी जहाजाच्या पोटातल्या दमट हवेने बी फुगे, तिचा हिरवा रंग जाई, आंबटपणा मावळे. तिथल्या लोकांना तीच चव रुचली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला, आगबोटी आल्या, प्रवास आटोपशीर झाला, आणि ती चव हरवली. तेव्हा किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांनी पावसालाच कामाला लावलं. जून ते सप्टेंबर, बाजूंनी उघड्या गोदामांत बियांचे थर पसरायचे, वरखाली करायचे, सैलसर गोणींत भरायचे, पुन्हा रिकामे करायचे, आणि मोसमी वारा त्यांतून खेळू द्यायचा. मंगळूरच्या बाजूला हे काम आजही चालतं. 'मॉन्सून्ड मलबार' म्हणून ती कॉफी जगभर जाते. ती बी हातात घेतली की चटकन ओळखू येते, फिकट सोनेरी, फुगीर, वजनाला हलकी. कढईत ती सावकाश तापते आणि हळू आवाजात फुटते. बाहेर संततधार लागलेली असताना ती भाजण्यात मला मोठा आनंद आहे. आमचे कपडे न वाळू देणाऱ्या वाऱ्याने कुणाचं तरी पीक पिकवून दिलं आहे, हे तेव्हा नाकाला कळतं.

भाजलेली कॉफी लगेच प्यायची नाही. आतला कार्बन डायॉक्साइड बाहेर पडायला चार-पाच दिवस द्यायचे. मग पंधरा ग्रॅम बिया दळायच्या आणि उकळी बसलेलं थोडंसं पाणी वरून सोडायचं. ताजी पूड फुगून वर येते, तिच्यावर बुडबुडे फुटतात आणि सुवास घरभर होतो. अर्धं मिनिट थांबून उरलेलं पाणी धार धरून ओतायचं. सगळं मिळून दोन-अडीचशे मिलिलिटर. पहिला घोट कडक गरम असताना फारसं काही सांगत नाही. कप जरा निवला की लिंबूवर्गी आंबटपणा पुढे येतो, मागून गूळ येतो, आणि शेवटी जिभेवर मसाल्याचा थोडा गंध राहतो.

आत्या आली की ती कपाकडे बघते. "काळी कशी रे पितोस?"

"एक घोट घेऊन तर बघ, आत्या."

ती घेते, डोळे मिटून गिळते. "आंबूस आहे. वास मात्र छान सुटलाय. मला आपली जायफळाची कर."

तिच्यासाठी मी मॉन्सून्ड मलबारच काढतो, थोडी गडद भाजलेली. दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. आपल्या घरांत पाहुण्याला, परीक्षेच्या रात्री जागणाऱ्या मुलाला, उपास धरणाऱ्या आजीला हीच कॉफी मिळत आली. कोकणातलं जायफळ आणि मलबारच्या पावसात पिकलेली बी यांचं जमतंही छान. चांगली कॉफी म्हणजे काळीच, असं मी मानत नाही. ती कुठून आली आणि कुणी वेचली हे ठाऊक असेल, आणि घरात कुणीतरी तिच्याजवळ पंधरा मिनिटं उभं राहिलं असेल, तर ती दुधातही आपलं तेज सोडत नाही.

भाजायला लागल्यापासून मला कॉफीची किंमत जास्त वाटेनाशी झाली. एका कपासाठी शंभरच्या वर बिया लागतात, म्हणजे कुणीतरी पन्नासेक लाल फळं एक-एक करून खुडलेली असतात. आपल्याकडचे बहुतेक कॉफी उत्पादक लहान शेतकरी आहेत, आणि वळवाची सर चुकली की त्यांचं वर्ष चुकतं. त्यांच्या कष्टाचं चीज करायची शेवटची संधी कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाला मिळते. म्हणून माझं सांगणं आहे, की पाकिटावरचं मळ्याचं नाव वाचा, दराची घासाघीस करू नका, आणि एकदा पाव किलो कच्च्या बिया घरी आणा. जाड बुडाची कढई तर आपल्याकडे प्रत्येक घरात असतेच.