डाळजच्या काठी शेवटचा पाइप

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने भिगवण मागे टाकले, की डावीकडे पाणीच पाणी दिसू लागते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याचा फुगवटा इथवर येऊन ठेपला. डाळज याच काठावर. एक नव्हे, तीन डाळज: नंबर एक, दोन आणि तीन! हिवाळ्यात लोक इथे रोहित पक्षी पाहायला येतात. मी आलो होतो पाइप ओढायला.

त्याचे असे झाले. गालाच्या आत एक पांढरा चट्टा दिसला आणि डॉक्टरांनी पाइपावर कायमची फुली मारली. कपाटात सुगंधी मिश्रणाचा एक डबा कोराच होता. “एवढा डबा संपला की संपले,” मी म्हणालो. “डबा नव्हे, एक पाइप. तोही घराबाहेर,” सौभाग्यवतींनी निकाल दिला आणि दशम्यांचा डबा घेऊन स्वतःच बरोबर निघाल्या. त्यांचे माहेर याच बाजूचे.

बाभळीखाली बसून डबा उघडला. व्हॅनिला, मनुका आणि किंचित काकवी! अशा मिश्रणात बर्ले जातीचे पान घालतात. त्यात साखर जवळजवळ नसते, त्यामुळे ते बाहेरचा रस टिपकागदासारखे शोषून घेते. जोडीला कॅव्हेंडिश, म्हणजे वाफवून, दाबून गोड केलेली तंबाखू. साहेबांचे हे मोठे कसब. पण आपल्याकडे हुक्क्यासाठी तंबाखूत गूळ मळून गुडाखू करीतच होते की! अकबराला तंबाखूची पहिली ओळख झाली, तीसुद्धा आपल्या दख्खनमधून, विजापूरहून गेलेल्या मालाने.

पाइप भरला. तळाशी सैल, वर जरा दाबून. पहिले झुरके सुरेख. सौभाग्यवती म्हणाल्या, “वास मात्र छान येतो हं.” सुगंधी तंबाखूची गोम इथेच आहे. वास शेजारच्याला, चटका ओढणाऱ्याला! ओलसर तंबाखू विझू नये म्हणून जोराने ओढावे लागते, वाफ गरम होते आणि जीभ पोळते. निम्म्यावर मनुका संपल्या, व्हॅनिला उडून गेला. उरला नुसता कढत, कडवट धूर. वीस वर्षे मी याच वासाला चव समजत आलो होतो.

एवढ्यात शेळ्या हाकीत एक आबा आले. डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चिमूट उचलून हुंगली.

“वास झ्याक हाय सायब. पर ह्यात तंबाखू कुटं हाय?”

इतके नेमके परीक्षण मी कुठे वाचलेले नाही.

आबांनी चंची सोडली, चुना लावला आणि तळहातावर मळू लागले.

“आबा, एकदा तोंड दाखवून घ्या डॉक्टरला,” मी म्हणालो.

“पन्नास वर्सं खातुया. काय व्हतंय?”

मी चट्ट्याची हकीकत सांगितली. त्यांचा हात थांबला.

“बगू.”

मी उन्हाकडे तोंड करून आ केला. सौभाग्यवती पाण्याकडे वळून पक्षी पाहू लागल्या. आबांनी वाकून, डोळे बारीक करून निरखले. मग मळलेली चिमूट तशीच तळहातावर धरून ते माझ्याशेजारी खाली बसले. पाइप केव्हाच विझला होता. मी तो पुन्हा पेटवला नाही.