‘एएस पॅटर्न’ची मुलगी

दवनीवाड्याच्या धानपट्ट्यात, किंबहुना साऱ्या पूर्व विदर्भात, ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे प्रयोगशाळेतले शब्द आता सोयरिकीच्या बोलण्यात आले आहेत. एएस म्हणजे सिकलसेलचा वाहक, स्वतः सहसा निरोगी. एसएस म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के. ‘पत्रिकेऐवजी रक्त जुळवा’ हा प्रचार या हिशेबावर उभा आहे आणि हिशेब बिनचूक आहे. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातील शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत सिकलसेलचे ‘उच्चाटन’ असे ध्येय ठेवले. मला खटकतो तो हा शेवटचा शब्द. वाहकाने एए, म्हणजे वाहक नसलेला, जोडीदार निवडला, तरी त्यांच्या मुलांपैकी सरासरी निम्मी वाहकच होणार. म्हणजे लग्ने कितीही जुळवली, तरी जनुक राहणार आणि तपासणीच्या निकालाचे रंगीत कार्ड पिढ्यान्‌पिढ्या वाटावे लागणार. शिवाय हे जनुक टिकले तेच मुळी वाहकाला फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळते म्हणून. अँथनी अ‍ॅलिसन यांनी ते 1954 मध्ये दाखवले. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याला मलेरिया काय, हे सांगायला नको.

मग तपासणी नकोच का? तसे म्हणणारा माणूस वेदनेने तळमळणारे एसएस मूल विसरतो. तपासणी हवीच, प्रश्न तिचा निकाल कोणाच्या ताब्यात जातो, हा आहे. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात पूर्वी गावभर सिकलसेल तपासणी आणि समुपदेशन झाले. पुढच्या पाहणीत दिसले की, वाहक-वाहक लग्ने योगायोगाने व्हावीत तितकीच झाली होती. काहींनी आपला पॅटर्न लपवला होता. माहिती पोचली आणि डागही पोचला. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या नोबेलविजेत्याने 1968 मध्ये वाहकांच्या कपाळावर गोंदण्याची सूचना करावी, यावरून चांगला हेतू किती घसरतो ते कळते. विदर्भात हे जनुक दलित, आदिवासी आणि अनेक ओबीसी समाजांत आहे. आधीच कपाळ वाचले जाणाऱ्या समाजात रंगीत कार्ड निरुपद्रवी राहील, असे मानायला मी तयार नाही. मुलाचा पॅटर्न झाकला जातो, मुलीचा विचारला जातो.

यावर सायप्रसचे उदाहरण पुढे येते. तिथे चर्चने लग्नाआधी थॅलेसेमियाचा दाखला मागायला सुरुवात केली आणि रुग्ण बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. खरे आहे, पण दाखल्यामुळे मोडलेली लग्ने फार थोडी होती. बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्न केले आणि गर्भनिदानाचा आधार घेतला. त्या यशामागे हाताशी असलेली सेवा होती. आपल्याकडे प्रसवपूर्व निदानाचा 1994 चा कायदा अशा निदानाला परवानगी देतो, पण वैनगंगेकाठच्या जोडप्याला त्यासाठी वेळेत नागपूर गाठावे लागते. आणि निदान झाले, तरी पुढचा निर्णय सोपा नाही. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अनेकदा जास्त टिकते, त्यामुळे एक एसएस मूल वारंवार दवाखान्यात, तर दुसरी व्यक्ती गरोदरपणीच्या तपासणीत प्रथमच सापडते. अहवालावरून यातले कोणते जगणे वाट्याला येईल, ते सांगता येत नाही. ‘असे मूल जन्मूच नये’ हे वाक्य डॉक्टरने तरी उच्चारू नये. ते ऐकणाऱ्यांत जिवंत एसएस माणसे असतात, आणि 2016 च्या कायद्याने त्यांना दिव्यांग म्हणून हक्क दिले आहेत.

जनुकदुरुस्तीचा उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत 2023 च्या अखेरीस मंजूर झाला. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. त्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. हायड्रॉक्सियुरिया ही स्वस्त गोळी वेदनेचे झटके कमी करते, पण ती महिनोन्‌महिने, रक्ततपासणीसह, न खंडता घ्यावी लागते. ज्या आरोग्य केंद्रात ती कधी असते, कधी नसते, तिथे रक्त तपासून कार्ड देण्याचा नैतिक अधिकार अर्धाच. तो पुरा करायचा, तर निकाल फक्त त्या व्यक्तीला द्यावा, शाळेच्या फळ्यावर किंवा ग्रामसभेत नव्हे. आणि सोयरिकीच्या बैठकीत मुलीचे कार्ड मागितले जाईल, तेव्हा मुलाचे आधी समोर ठेवायला सांगावे.